औद्योगिक मापन उपकरणांची निवड

औद्योगिक मापन उपकरणांची निवड म्हणजे कारखाना, वीजकेंद्र, पाणीयोजना किंवा अन्नप्रक्रिया उद्योगातील दाब, तापमान, पातळी, प्रवाह यांसारख्या राशी मोजण्यासाठी योग्य उपकरण ठरवण्याची प्रक्रिया होय. ही निवड किंमत, मापनकक्षा आणि अचूकतेचा आकडा एवढ्यावर करण्याची पद्धत रूढ असली, तरी ती अपुरी आहे. बहुतेक औद्योगिक उपकरणे तबकडीवर किंवा पडद्यावर दाखवलेली राशी थेट मोजत नाहीत. ती दुसरीच एखादी राशी मोजतात आणि काही गृहीतकांच्या आधारे अपेक्षित राशीचे अनुमान करतात. ही गृहीतके प्रत्यक्ष जागेवर खरी ठरतात की नाही, हा निवडीतील मध्यवर्ती प्रश्न असतो. तो सोडवण्यासाठी उपकरणाचे कार्यतत्त्व समजून घ्यावे लागते.

या लेखात दाब, तापमान, पातळी व प्रवाह या चार प्रमुख राशींच्या मापनाचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख परिसर आणि त्याच्या आसपासचा कोकण व सह्याद्री या प्रदेशांतील परिस्थितीशी संबंधित आहेत.

## मोजलेली राशी आणि दाखवलेली राशी

पाण्याच्या टाकीच्या तळाशी बसवलेला दाबमापक पातळी दाखवतो, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो केवळ दाब मोजतो. द्रवाचा दाब हा उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार असतो. २ मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे १९.६ किलोपास्कल भरतो. त्याच टाकीत पाण्याच्या ०.८ पट घनतेचा द्रव भरल्यास तेवढाच दाब येण्यासाठी पातळी २.५ मीटर असावी लागते. उपकरण पाण्यासाठी जुळवलेले असेल, तर ते अशा वेळीही २ मीटरच दाखवील. उपकरणात कोणताही बिघाड नसतो आणि दाबाचे मापन अचूक असते, परंतु घनतेविषयीचे गृहीतक चुकलेले असते.

अशा त्रुटीचा उलगडा माहितीपत्रकातील अचूकतेच्या आकड्यावरून होत नाही. म्हणून निवडीच्या वेळी पुढील तीन प्रश्न विचारले जातात:

* उपकरणाचा संवेदक प्रत्यक्षात कोणती राशी ओळखतो?
* त्या राशीपासून अपेक्षित राशी काढताना काय गृहीत धरलेले असते?
* नेहमीच्या चालू स्थितीत, तसेच यंत्रणा सुरू करताना, बंद करताना आणि आणीबाणीत ते गृहीतक टिकते काय?

## अचूकतेच्या संज्ञा

अचूकतेचा आकडा पूर्ण मापनकक्षेच्या टक्केवारीत किंवा प्रत्यक्ष वाचनाच्या टक्केवारीत दिला जातो. या दोहोंत मोठे अंतर आहे. ० ते १० बार कक्षेच्या आणि १.६ वर्गाच्या दाबमापकात संपूर्ण कक्षेत ०.१६ बारपर्यंत त्रुटी मान्य असते. १० बारला ती १.६ टक्के ठरते, परंतु १ बारला तीच १६ टक्के होते. यामुळे नेहमीचा दाब तबकडीच्या मधल्या भागात येईल अशी कक्षा निवडण्याचा प्रघात आहे. ‘पुढे दाब वाढला तर असू द्यावा’ म्हणून फार मोठ्या कक्षेचे उपकरण घेतल्यास अचूकता घटते.

पुनरावृत्तिक्षमता ही अचूकतेहून वेगळी बाब आहे. एखादे उपकरण प्रत्येक वेळी २ अंशांनी जास्त तापमान दाखवत असेल, तर ते अचूक नसते, परंतु त्याची पुनरावृत्तिक्षमता चांगली असते. प्रक्रियेवर नियंत्रण ठेवण्यासाठी काही ठिकाणी एवढे गुण पुरेसे ठरतात. पैशांचा व्यवहार किंवा सुरक्षितता मापनावर अवलंबून असेल, तेथे ते पुरत नाहीत.

उपकरणाकडून नियंत्रण कक्षाकडे जाणारा संकेत बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाच्या रूपात असतो. ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, १२ म्हणजे निम्मी कक्षा आणि २० म्हणजे पूर्ण कक्षा. शून्यासाठीही काही प्रवाह ठेवल्याने ‘वाचन शून्य आहे’ आणि ‘तार तुटली आहे’ या दोन स्थिती एकमेकींपासून ओळखता येतात.

## दाबमापन

सर्वाधिक आढळणारा यांत्रिक दाबमापक बूर्दाँ नळीवर चालतो. फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दाँ याने १८४९ मध्ये त्याचे एकस्व घेतले. चपट्या छेदाची वाकवलेली नळी आतील दाबाने किंचित सरळ होते आणि ती हालचाल दंतचक्रांद्वारे काट्याला दिली जाते. या रचनेतूनच तिच्या मर्यादा स्पष्ट होतात. पंपाच्या सततच्या कंपनांनी दंतचक्रे झिजतात, म्हणून अशा जागी ग्लिसरीन भरलेला मापक वापरतात. तप्त वाफ थेट नळीत शिरू नये यासाठी मापकापूर्वी वेटोळी नळी बसवतात. तिच्यात साठलेले पाणी वाफेला अडवते आणि दाब मात्र पुढे पोहोचवते.

दाब कशाच्या सापेक्ष मोजला आहे, हेही पाहावे लागते. गेज दाब हा भोवतालच्या वातावरणाच्या तुलनेत असतो, तर निरपेक्ष दाब पूर्ण निर्वाताच्या तुलनेत असतो. समुद्रसपाटीवरील रत्नागिरीत वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात तो सुमारे ८६ किलोपास्कल असतो. फळांचा रस निर्वातात आटवणाऱ्या यंत्रावरील गेज दोन्ही ठिकाणी उणे ७० किलोपास्कल दाखवत असेल, तर आतील निरपेक्ष दाब अनुक्रमे सुमारे ३१ आणि १६ किलोपास्कल असेल. त्या दाबांना पाणी अनुक्रमे सुमारे ७० आणि ५५ अंश सेल्सियसला उकळते. गेजवरील वाचन सारखे असूनही दोन्ही यंत्रांतील प्रक्रिया वेगळी असते. म्हणून उत्कलन किंवा बाष्पदाबाशी संबंध असलेल्या कामासाठी निरपेक्ष दाबमापक निवडतात.

## तापमानमापन

उद्योगात तापमानासाठी मुख्यतः दोन प्रकारचे विद्युत संवेदक वापरले जातात.

रोध तापमापक हा धातूचा विद्युतरोध तापमानानुसार वाढतो या तत्त्वावर चालतो. प्लॅटिनमच्या ‘पीटी १००’ संवेदकाचा रोध ० अंश सेल्सियसला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो. म्हणजे प्रत्येक अंशामागे सरासरी ०.३८५ ओहमची वाढ होते. संवेदक ५० मीटर लांब असेल आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या दोनच तांब्याच्या तारांनी जोडला असेल, तर तारांचाच रोध सुमारे १.७५ ओहम भरतो आणि वाचन सुमारे ४.५ अंशांनी वाढते. तीन किंवा चार तारांची जोडणी वापरून हा परिणाम वजा केला जातो.

तापयुग्म, म्हणजे थर्मोकपल, हे टॉमस झेबेक याने १८२१ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेले आहे. दोन भिन्न धातूंच्या तारांच्या सांध्यांत तापमानाचा फरक असल्यास विद्युतदाब निर्माण होतो. ‘के’ प्रकारच्या तापयुग्मात तो प्रत्येक अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. तापयुग्म केवळ तापमानातील फरक ओळखते, त्यामुळे थंड टोकाचे तापमान स्वतंत्रपणे मोजून त्यात मिळवावे लागते. तापयुग्मापासून दर्शकापर्यंत योग्य जोडतार न वापरता साधी तांब्याची तार वापरली, तर भट्टीजवळील जोडपेटीच थंड टोक बनते. जोडपेटी ४५ अंशांवर आणि दर्शक २५ अंशांवर असेल, तर वाचन सुमारे २० अंशांनी कमी येते.

रोध तापमापक मध्यम तापमानाला अधिक अचूक असतो. तापयुग्म उच्च तापमान व कंपने अधिक चांगली सोसते. दोन्ही संवेदक बहुधा धातूच्या संरक्षक नळीत बसवतात. ही नळी संवेदकाचे रक्षण करते, पण त्याचा प्रतिसाद मंदावते. तापमान झपाट्याने बदलणाऱ्या प्रक्रियेत दर्शकावर दिसणारा आकडा काही क्षणांपूर्वीचा असू शकतो.

## पातळीमापन

दाबावर आधारित पातळीमापकाला द्रवाची घनता माहीत असावी लागते, हे वर आले आहे. बुडत्या दंडाच्या पातळीमापकालाही तीच अट लागू होते, कारण तो द्रवाने दंडावर टाकलेला उत्प्लावक बल मोजतो.

स्वनातीत पातळीमापक ध्वनिस्पंद सोडतो आणि द्रवाच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी परतण्यास लागणारा वेळ मोजतो. त्यात ध्वनीचा वेग गृहीत धरलेला असतो. हवेत हा वेग २० अंश सेल्सियसला सुमारे ३४३ आणि ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर प्रतिसेकंद असतो. तापमानाची दुरुस्ती न केल्यास ४ मीटर अंतरात सुमारे १४ सेंटिमीटर त्रुटी येते. आधुनिक उपकरणे तापमान मोजून ही दुरुस्ती करतात. मात्र टाकीत द्रावकाची वाफ साठली असेल, तर ध्वनीचा वेग वायूच्या स्वरूपामुळेच बदलतो आणि तापमानाची दुरुस्ती अपुरी ठरते. दाट फेस ध्वनी शोषून घेतो.

रडार पातळीमापक विद्युतचुंबकीय तरंग वापरतो. वाफ, तापमान किंवा दाब यांचा त्यावर तुलनेने फारच कमी परिणाम होतो. परंतु परावर्तन द्रवाच्या पराविद्युत स्थिरांकावर अवलंबून असल्याने पाण्यावरून संकेत जोरकस परततो, तर हलक्या तेलांवरून तो क्षीण असतो.

## प्रवाहमापन

प्रवाहमापकांचे प्रकार सर्वांत अधिक असून चुकीची निवड होण्याची शक्यताही येथे जास्त असते.

* छिद्रपट्टिका (ऑरिफिस): नळीतील अडथळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मोजते. हा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ताशी १०० घनमीटर प्रवाहाला २५ किलोपास्कल फरक येत असेल, तर ताशी १० घनमीटरला तो केवळ ०.२५ किलोपास्कल असतो. दाबफरक मोजणाऱ्या उपकरणाची त्रुटी पूर्ण कक्षेच्या ०.१ टक्का धरली, तरी कमी प्रवाहाला त्यामुळे सुमारे ५ टक्के त्रुटी येते. म्हणून प्रवाह फार कमीजास्त होत असेल, तेथे छिद्रपट्टिका अयोग्य ठरते. तिच्यापूर्वी नळीचा पुरेसा सरळ भागही लागतो.
* विद्युतचुंबकीय प्रवाहमापक: मायकेल फॅरडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमावर चालतो. चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या वाहक द्रवात वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब निर्माण होतो. मार्गात अडथळा नसल्याने गढूळ पाणी, मळी व लगदा यांसाठी तो सोयीचा आहे. द्रव विद्युतवाहक असणे मात्र अनिवार्य आहे. सर्वसाधारण उपकरणांसाठी ही मर्यादा प्रतिसेंटिमीटर सुमारे ५ मायक्रोसीमेन्स असते. डिझेल, खाद्यतेल किंवा वाफ यांचा प्रवाह त्याने मोजता येत नाही.
* भोवरा प्रवाहमापक: अडथळ्यामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता मोजतो. वाफेसाठी तो बराच वापरला जातो. अतिमंद प्रवाहात किंवा दाट द्रवात भोवरे नीट सुटत नाहीत.
* कोरिऑलिस प्रवाहमापक: कंप पावणाऱ्या नळीतील पिळावरून वस्तुमान-प्रवाह थेट मोजतो आणि घनताही देतो. अचूकता उत्तम असते, पण मोठ्या व्यासासाठी खर्च बराच वाढतो.
* चक्री प्रवाहमापक: पात्यांच्या फिरण्याच्या गतीवरून प्रवाह काढतो. त्याला स्वच्छ द्रव लागतो, कारण तंतू व वाळू यांनी धारवे झिजतात.

बहुतेक प्रवाहमापक नळी पूर्ण भरलेली आहे असे गृहीत धरतात. यासाठी ते वर चढणाऱ्या उभ्या नळीत बसवणे श्रेयस्कर मानले जाते. खंडित पाणीपुरवठ्याच्या योजनांत पाणी सुटताना नळीतील हवा पुढे ढकलली जाते आणि यांत्रिक जलमापक त्या हवेनेही फिरतो. त्याची नोंद मात्र पाणी म्हणूनच होते.

## कोकणातील परिस्थिती

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहे. येथील वार्षिक पर्जन्य ३,००० मिलिमीटरहून अधिक असून त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. दीर्घकाळ टिकणारी आर्द्रता हा या भागातील उपकरणनिवडीचा स्वतंत्र निकष ठरतो. गेज दाबाच्या संवेदकात वातावरणाचा संदर्भ घेण्यासाठी बारीक वायुछिद्र असते. त्यातून दमट हवा आत शिरून पाणी साचल्यास शून्य सरकते. केबल जेथे उपकरणात शिरते, तेथील ग्रंथी घट्ट असणे आणि केबलला खाली झुकणारा वळसा देणे, या साध्या उपायांनी पावसाचे पाणी पेटीत उतरत नाही. आवरणाची श्रेणीही पाहावी लागते. आयपी ६५ आवरण पाण्याच्या फवाऱ्यापासून, तर आयपी ६७ तात्पुरत्या बुडण्यापासून रक्षण करते. मान्सूनपूर्व व परतीच्या पावसातील विजांमुळे उघड्यावरील उपकरणांना विद्युतलाट-रोधक लावणे आवश्यक असते. जयगड, अंजनवेल यांसारख्या किनारी औद्योगिक ठिकाणी खाऱ्या हवेचा प्रश्न असतो. तेथे ३०४ प्रतीच्या पोलादापेक्षा ३१६ प्रतीचे निष्कलंक पोलाद क्षारांच्या खड्ड्यांना अधिक प्रतिकार करते.

जिल्ह्यातील आंबाप्रक्रिया उद्योगातून निवडीचे चांगले उदाहरण मिळते. हापूसचा गर दाट, तंतुमय व आम्लधर्मी असतो. चक्री प्रवाहमापकात त्याचे तंतू अडकतात, तर छिद्रपट्टिकेच्या कडेला गर साचतो. गरात पाणी, आम्ले व क्षार असल्याने तो विद्युतवाहक असतो. म्हणून अन्नयोग्य अस्तर असलेला विद्युतचुंबकीय प्रवाहमापक त्यासाठी योग्य ठरतो. साध्या बूर्दाँ नळीत गर शिरून वाळल्यास काटा एका जागी स्थिर राहतो आणि दाब स्थिर असल्याचा भास होतो. यासाठी मापकापुढे पातळ धातूचा पडदा असलेली मोहर बसवतात आणि तिच्यामागे अन्नास निर्धोक द्रव भरलेला असतो. काजूप्रक्रियेत बिया वाफवताना दाब आणि वाळवताना तापमान मोजावे लागते. वाळवणीच्या कपाटात वरच्या व खालच्या थरांचे तापमान सारखे नसते. त्यामुळे तेथे संवेदकाच्या अचूकतेइतकेच त्याच्या जागेलाही महत्त्व असते.

मोठ्या प्रमाणावरील मापनाचे उदाहरण कोयना जलविद्युत प्रकल्पात आढळते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेकडे वळवून चिपळूण तालुक्यातील पोफळी परिसरात वीजनिर्मिती केली जाते आणि नंतर ते वाशिष्ठी नदीत सोडले जाते. पहिल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, या प्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली होती. या प्रमाणात मापनातील १ टक्का त्रुटी म्हणजे सुमारे १.९ कोटी घनमीटर पाणी होय. जलविद्युत केंद्रांच्या मोठ्या व्यासाच्या नळांसाठी सर्वसाधारणपणे अनेक मार्गांवरील स्वनातीत प्रवाहमापन वापरले जाते, कारण त्यात अडथळा नसतो आणि दाबाची हानी होत नाही.

## सुरक्षितता आणि अपघात

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सस सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जणांचा मृत्यू झाला आणि १८० जण जखमी झाले. सुमारे ५२ मीटर उंचीचा ऊर्ध्वपातन मनोरा प्रमाणाबाहेर भरला होता. त्याचा बुडत्या दंडाचा पातळीमापक केवळ तळाकडील काही फुटांपुरताच होता. द्रव त्या कक्षेच्या वर गेल्यावर दंड पूर्ण बुडाला. पुढे द्रव तापून त्याची घनता घटली, तसा उत्प्लावक बलही घटला. परिणामी प्रत्यक्षात पातळी चढत असताना दर्शक ती हळूहळू उतरत असल्याचे दाखवत होता. चौकशीत उपकरणाचे घनतेविषयीचे अंशशोधनही कालबाह्य माहितीवर केलेले आढळले.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील साठ्यात पेट्रोलची टाकी ओसंडून मोठा स्फोट झाला. टाकीचा पातळीमापक अडकला होता आणि उच्च पातळीचा स्वतंत्र स्विचही चालला नाही. अशा घटनांमुळे धोक्याच्या जागी दोन स्वतंत्र उपकरणे, आणि शक्यतो भिन्न कार्यतत्त्वांची, बसवण्यावर भर दिला जातो. एकाच तत्त्वावरील दोन उपकरणे एकाच कारणाने एकाच वेळी फसू शकतात. स्वतंत्र उपकरणाची ठरावीक काळाने प्रत्यक्ष चाचणी घेणेही तितकेच आवश्यक असते.

लोटे परशुरामसारख्या रासायनिक औद्योगिक क्षेत्रांत ज्वलनशील वाफांचाही विचार करावा लागतो. अशा जागी ठिणगीपुरतीही ऊर्जा बाहेर पडू न देणारी अंगभूत सुरक्षित उपकरणे किंवा आतील स्फोट आतच रोखणारी ज्वालारोधक आवरणे वापरतात. भारतात अशा उपकरणांना मान्यता देण्याचे काम नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था करते.

## अंशशोधन आणि कायदेशीर बाबी

उपकरणाचे वाचन अधिक अचूक प्रमाणकाशी ताडून पाहण्याच्या क्रियेस अंशशोधन, कारखान्याच्या बोलीत कॅलिब्रेशन, म्हणतात. प्रमाणकांची ही साखळी राष्ट्रीय प्रमाणकांपर्यंत पोहोचते आणि भारतात ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जतन केली जातात. अंशशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना एनएबीएल या मंडळाकडून अधिस्वीकृती दिली जाते. प्रवाहमापकांच्या चाचणीची सोय केरळातील पालक्काड येथील द्रव नियंत्रण संशोधन संस्थेत आहे. नदी व कालव्यांतील वेग मोजणाऱ्या यंत्रांचे अंशशोधन पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात होते. या केंद्राची स्थापना १९१६ मध्ये झाली. व्यापारी व्यवहारात वापरली जाणारी मापके वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ च्या कक्षेत येतात आणि त्यांची ठरावीक काळाने पडताळणी व मुद्रांकन करावे लागते.

अंशशोधनाचीही एक मर्यादा आहे. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यावर अचूक ठरलेला मापक जागेवर अर्धवट भरलेल्या नळीत, वेगळ्या घनतेच्या द्रवावर किंवा चुकीच्या तारेने जोडला गेल्यास प्रमाणपत्र असूनही चुकीचे वाचन देतो. म्हणून निवडीच्या नोंदपत्रात मापनकक्षा व अचूकतेबरोबरच द्रवाचे स्वरूप, घनता, विद्युतवाहकता, किमान व कमाल प्रवाह, तापमान, दाब, बसवण्याची जागा आणि भोवतालचे हवामान यांची नोंद करण्याची पद्धत आहे. द्रव किंवा प्रक्रिया बदलल्यास ते नोंदपत्र पुन्हा तपासले जाते.